पैसे पोचले, माल पोचला नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत खजिनदारांनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. गेली अकरा वर्षे मंडळाची खजिनदार म्हणून मी दरवर्षी याच जागी उभी राहते. पण ते जमाखर्च वाचण्यापुरते, आणि जमाखर्च सुरू झाला की निम्म्या जणी पाणी प्यायला म्हणून उठतात हेही मी अकरा वर्षे पाहते आहे. यंदा चिटणीसबाईंनी हुकूमच सोडला की, 2023 सालच्या त्या साडेअठरा हजार रुपयांची हकीकत खजिनदारांनी स्वतःच्या तोंडाने सांगावी आणि ती स्मरणिकेतही यावी. मी प्रथम नाही म्हटले. मग विचार केला की, ही हकीकत माजलगावात आजही पाच-सहा तऱ्हांनी सांगितली जाते, आणि त्यांपैकी दोन तऱ्हांत मी चोर आहे. तेव्हा एकदा माझ्या तऱ्हेनेही ती सांगून टाकावी हे बरे.

दुकानाचे नाव मी घेणार नाही, गावाचेही नाही. ते आपल्या जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरातले दुकान होते, एवढे पुरे.

आपल्या मंडळाकडे देणगीदाखल आलेले तीन संगणक आहेत. 2023 च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असे ठरले की, गरजू मुलींसाठी मराठी टंकलेखनाचा वर्ग काढायचा आणि स्मरणिकेचा मजकूरही आपणच जुळवून छापखान्याला द्यायचा. छापखानेवाल्यांनी सांगितले, "बाई, आमची पानजुळणीची व्यवस्था जुनी आहे, तिच्यात युनिकोडची अक्षरे फुटतात. आमच्याकडे आहे तेच मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर तुम्ही घ्या, म्हणजे काम सुरळीत होईल." हे त्यांचे म्हणणे खरे होते. पुष्कळ छापखान्यांत अजूनही हीच अडचण आहे. चौसष्ट जणींनी प्रत्येकी तीनशे रुपये दिले. एकोणीस हजार दोनशे जमले. कोणी हे तीनशे घरखर्चातून काढले, कोणी शिवणकामाच्या पैशांतून, आणि एका मावशींनी कापूस वेचणीच्या मजुरीतून दिले. त्या मावशी आज समोर बसल्या आहेत म्हणून नाव घेत नाही, पण त्यांचे तीनशे मला त्या काळात रात्री झोपू देत नसत.

आता सॉफ्टवेअर म्हणजे काय ते वयस्कर मंडळींसाठी थोडे सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. संगणक हे नुसते यंत्र. त्याने काय काम करावे, कसे करावे, याच्या सूचना लिहून त्यात घालाव्या लागतात. त्या सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. पूर्वी तो तबकडीवर यायचा, पुठ्ठ्याच्या पेटीत घालून द्यायचे. निदान काहीतरी हातात पडायचे. आता तबकडीही गेली. बहुतेक वेळा इंटरनेटवरून तो उतरवून घ्यायचा आणि दुकानदाराने दिलेला एक लांबलचक क्रमांक त्यात भरायचा. त्या क्रमांकाला चावी म्हणतात. चावी भरली की कुलूप उघडते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते त्या क्रमांकाचे. तो हातात धरता येत नाही, तोलता येत नाही, वास घेता येत नाही.

फेब्रुवारीत मी दुकानदाराला फोन केला. अतिशय गोड बोलणारा मनुष्य. "काकू" म्हणाला. तीन संगणकांच्या परवान्याची किंमत साडेअठरा हजार, आणि पावती हवी असेल तर वर अठरा टक्के कर. हिशेब केला तर एकवीस हजार आठशे तीस. आपल्याकडे होते एकोणीस हजार दोनशे. तो म्हणाला, "काकू, बिलाशिवाय घ्या, कर वाचेल, महिला मंडळाचे काम आहे म्हणून सांगतो. आणि भाव आजच्यापुरताच हं." आणि भगिनींनो, इथे मी हो म्हटले.

हे मी लपवत नाही. दुधाचा एक खाडा पडला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली मारणारी मी. मोंढ्यात कापूस घातला तर काटापट्टी हातात पडल्याशिवाय घरच्यांना बैलगाडी हलवू न देणारी मी. आणि साडेअठरा हजारांना मी कागदाचा कपटा मागितला नाही. मंडळाच्या धनादेशावर दोघींच्या सह्या लागतात, अध्यक्षबाई त्या दिवशी परळीला गेलेल्या, आणि भाव तर 'आजच्यापुरताच'. तेव्हा मी माझ्या मोबाईलवरून माझ्या खात्यातले पैसे त्याला पाठवले आणि दोन दिवसांनी मंडळाचा धनादेश माझ्या नावे फाडून घेतला. वहीत नोंद अशी झाली: खजिनदारांस, सॉफ्टवेअरकरिता, 18,500. प्रामाणिकपणाने केलेली नोंद. पण ती परक्या डोळ्यांनी वाचा, म्हणजे पुढे काय झाले असेल ते ध्यानात येईल.

आठ दिवसांत चावी येणार होती. आठाचे पंधरा झाले. 22 मार्चला गुढीपाडवा झाला, मुलींनी वर्गाचा मुहूर्त म्हणून संगणकांना हार घातले, आणि आत काहीच नाही. मी फोन करी; तो कधी लग्नात असे, कधी गाडी चालवत असे, कधी कंपनीचा माणूस रजेवर असे. पुढे माझा फोन घेणेच त्याने बंद केले. मग चिटणीसबाईंच्या फोनवरून केला तर पहिल्या घंटीला उचलला, आणि माझा आवाज ऐकून म्हणाला, "काकू, तुमच्याचकडे येत होतो बघा!" शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाईलवर तो क्रमांक आला. आम्ही सगळ्या संगणकाभोवती जमलो. मुलीने क्रमांक भरला. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली की, हा क्रमांक आधीच दुसऱ्या यंत्रावर वापरलेला आहे. पुन्हा भरला, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्या संगणकावरही तीच.

मी दुकानदाराला तसे कळवले. त्याचे उत्तर माझ्याजवळ छापून ठेवलेले आहे. मी माल दिला, तो तुम्हाला मिळाला, तुमच्याकडे कोणी वापरला असेल ते तुम्ही पाहा. सॉफ्टवेअर एकदा दिले की परत घेता येत नाही, ती काही वस्तू नव्हे.

म्हणजे विकताना ती वस्तू होती, आणि परत मागताना ती वस्तू राहिली नाही!

आता आपल्या जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन आपली माणसे ऊसतोडीला जातात, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते. बाई आजारी असो, बाळंतीण असो. गरिबाने आगाऊ घेतलेल्या पैशाचा हिशेब इतका कडक. आणि दुकानदाराने आपल्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला मात्र 'बघू, पाठवतो, येतो' एवढ्यावर भागते. मला याची चीड आली. पैशापेक्षाही याची आली.

पण चीड येऊन उपयोग काय? गावात कुजबुज सुरू झाली होती. चावी आली म्हणतात आणि चालत तर नाही. धनादेश खजिनदारांच्या नावाचा. पावती नाही. तिने घरच्या संगणकाला तर वापरली नसेल? हे मला तोंडावर कोणी म्हटले नाही. तोंडावर म्हटले असते तर बरे झाले असते. फक्त मे महिन्याच्या सभेला चौसष्टांपैकी एकोणीस जणी आल्या, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. त्या दिवशी घरी येऊन मी पोळ्या लाटता लाटता रडले. सासूबाईंनी पाहिले.

आमच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. 1972 च्या दुष्काळात अठरा वर्षांच्या असताना त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आहे आणि सुकडीवर दिवस काढले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माय, तू पैसे दिलेस अन् वस्तू काई दिसंना, मंग तू घेतलंस तरी काय? आमाला त्या वक्ताला हजेरीपटावर आंगठा दिल्याबगर पगार मिळत नव्हता. तुह्या त्या फोनवर आंगठा कुनाचाय?"

कुणाचा अंगठा? मला त्यावर उत्तर नव्हते. पण प्रश्न नेमका होता. तो क्रमांक पहिल्यांदा कोणी वापरला, आणि कधी? हे दुकानदार सांगणार नाही. पण ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवले त्यांच्या दप्तरी नोंद असलीच पाहिजे. (याच 1972 च्या सुमारास मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर आणि इतर भगिनींनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले होते. माझ्याही हातात त्या क्षणी लाटणेच होते, हे आज आठवले की हसू येते.)

दुसऱ्याच दिवशी मी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक कक्षाला सविस्तर पत्र लिहिले आणि क्रमांक कळवला. दुकानदाराची तक्रार त्यांच्याकडे करायची नव्हती. फक्त माहिती मागितली. त्यांनी मला बारा दिवसांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर म्हणजे आपल्या सगळ्या प्रकरणाचा कणा. त्यांच्या नोंदीप्रमाणे तो क्रमांक एप्रिलमध्ये नव्हे, त्याच्या आदल्या नोव्हेंबरात नोंदला गेला होता, दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच नावाने. म्हणजे मी पैसे देण्यापूर्वी तीन महिने! दुकानदाराने कोणाची तरी वापरलेली चावी आपल्याला पाठवली होती.

ते पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हं, घावला आंगठा."

यानंतरचा भाग कायद्याचा आहे, आणि तो मी जरा निवांत सांगणार आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींना वाटते तसे ते काम अवघड नाही. आमच्या गल्लीत न्यायालयातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. त्यांना मी भाऊजी म्हणते. त्यांनी सांगितले की, आधी ग्राहक हेल्पलाईनला 1915 या क्रमांकावर फोन करा. मी केला, मराठीत बोलता आले, तक्रार नोंदवून क्रमांक दिला. त्यांनी दुकानदाराकडे विचारणा पाठवली. पण तिथे समजुतीने मिटवण्याचा प्रयत्न होतो; निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही. दुकानदाराने त्यांनाही तेच उत्तर दिले, माल दिला म्हणून. मग रजिस्टर पोस्टाने पोचेसह नोटीस पाठवली. (ती रजिस्टरची सेवा 2025 साली स्पीडपोस्टात सामील झाली; पण पोच घेण्याची सवय मोडू नका.) पंधरा दिवसांची मुदत दिली. पोच परत आली, उत्तर आले नाही.

तोवर भाऊजींनी मला ग्राहक संरक्षण कायदा वाचायला लावला. पहिला कायदा 1986 सालचा. त्याला 24 डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून त्या दिवशी आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातले लोक पुढे होते. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि दुसऱ्या वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे शेजारशेजारची कुटुंबे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेत आणि वाटून घेत, आणि ते वाटपाचे काम मुख्यतः बायकाच अंगावर घेत. तेव्हा हा विषय पुरुषांचा, वकिलांचा, असे समजण्याचे कारण नाही.

सध्याचा कायदा 2019 सालचा. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. पूर्वी आपण ज्याला ग्राहक मंच म्हणत होतो त्याचे नाव आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आपला बीडला आहे. या कायद्याने माझ्यासारखीची एक मोठी सोय केली. जुन्या कायद्याखाली दुकानदार जिथला, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावे लागे. आता तक्रार करणारी व्यक्ती जिथे राहते तिथल्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजे मला त्या परक्या शहरात हेलपाटे घालावे लागले नाहीत. दुकानदारालाच बीडला यावे लागले! मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते.

माझी दोन शंकास्थाने होती. पहिली, पावती नाही. त्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, पावती न देणे हीच मुळी कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती त्याची चूक; तिचा फायदा त्याला कसा मिळेल? आणि पैसे दिल्याचा पुरावा तुमच्या मोबाईलमध्ये आहे." खरोखरच मोबाईलवरून दिलेल्या प्रत्येक रकमेला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो बँकेच्या उताऱ्यावरही निघाला. तरीही सांगते, कर वाचवायला मी जो रुकार दिला त्याची लाज मला आयोगापुढे वाटलीच. तिथल्या बाईंनी मला तो प्रश्न विचारला आणि मी खरे ते सांगितले.

दुसरी शंका, सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नाही? इथे मला मोठी गंमत वाटली. हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य असा तो खटला. पाच न्यायमूर्तींनी 5 नोव्हेंबर 2004 रोजी निकाल दिला. वाद विक्रीकराचा होता. तयार सॉफ्टवेअर ही बुद्धीची निर्मिती आहे, माल नव्हे, तेव्हा त्यावर विक्रीकर नको, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पुस्तक घ्या, चित्र घ्या, गाण्याची फीत घ्या. त्यांतही मोल असते ते लेखकाच्या, चित्रकाराच्या, गायकाच्या बुद्धीचे, पण कागदावर, कापडावर, फितीवर उतरून ती बाजारात आली की माल होते. सॉफ्टवेअरचेही तसेच. हे वाचून मला इतका धीर आला! आमचा क्रमांक तबकडीवर आलेला नव्हता हे खरे. पण ग्राहक कायद्यात वस्तू आणि सेवा दोन्ही येतात. दुकानदाराने एक दार लावले तर दुसरे उघडेच होते.

जूनमध्ये तक्रार दाखल केली. त्या वेळी ई-दाखिल नावाच्या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येई. 1 जानेवारी 2025 पासून त्याच्या जागी ई-जागृती आले आहे. पण मी एस.टी.ने बीडला जाऊनच केली. पहिल्यांदा जायचे तर माणसे पाहावीत असे मला वाटले. तक्रार माझ्या नावे, कारण पैसे माझ्या खात्यातले. आणि मंडळाच्या ठरावाची प्रत जोडलेली, कारण लाभ मंडळाचा. त्या ठरावासाठी बोलावलेल्या सभेत मी कंपनीचे पत्र मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मग त्या कापूस वेचणाऱ्या मावशी उठल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

मोबाईलवरचे संदेश छापून द्यायचे तर नुसते छापून चालत नाहीत. ते आपल्याच मोबाईलमधले आहेत असे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते, हे मला तिथल्या एका पक्षकार बाईने सांगितले. ती बिचारी शेतीपंपासाठी भांडत होती. दोन तारखांत आमची मैत्री झाली.

नोटीस निघाली. विरुद्ध पक्षाला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यावर एक दिवसही वाढवता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ठरवलेले आहे. दुकानदाराच्या वकिलांनी चव्वेचाळिसाव्या दिवशी उत्तर दिले! त्यात एक नवीनच मुद्दा: महिला मंडळाने हे वर्गासाठी घेतले, वर्गाची फी घेणार, म्हणजे हा व्यापारी हेतू, आणि व्यापाऱ्याला ग्राहक म्हणता येत नाही. मुलींकडून आपण महिना वीस रुपये घेतो, तेही वीजबिलासाठी. मी फीची वही पुढे ठेवली.

तो अधिक श्रावणाचा महिना होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. आपल्या तालुक्यात अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तमपुरी. एका रविवारी आम्ही आठ-दहा जणी दर्शनाला गेलो. गोदावरीच्या काठी माणसांचा महापूर. रांगेत उभ्या असताना आमच्यातील शिक्षिका वहिनींनी सांगितले की, याच गावचा यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट आहे, शके 1232 चा, म्हणजे इसवी सन 1310. राजाच्या काळात दिलेल्या गावांचा तपशील त्यात कोरलेला आहे. सातशे वर्षांपूर्वी दिलेल्या दानाचा दाखला तांब्यावर टिकून राहिला, आणि माझ्या साडेअठरा हजारांचा कागदावरही नव्हता. मी देवापुढे हात जोडले तेव्हा मनात हेच होते. देवाला काय वाटले असेल कोण जाणे!

सप्टेंबरच्या तारखेला आयोगाने विचारले की, मध्यस्थीने मिटते का पाहता? नव्या कायद्यात तशी तरतूद आहे. दोघांची संमती मात्र लागते. आम्ही हो म्हटले. मध्यस्थीच्या खोलीत मी दुकानदाराला प्रथमच प्रत्यक्ष पाहिले. मला वाटले होते कोणी मिशाळ, जाडजूड मनुष्य असेल. तिशीतला, किडकिडीत, घाबरलेला मुलगा होता. कंपनीचे पत्र पुढे येताच तो म्हणाला की, ती चावी त्याला त्याच्या घाऊक विक्रेत्याने तशीच दिली. खरे असेल, खोटे असेल. मी विचारले, "मग एप्रिलात मला तसे का नाही सांगितलेस?" तो खाली पाहत राहिला. मुद्दल साडेअठरा हजार आणि खर्चाचे तीन हजार द्यायला तो तयार झाला. व्याजाला नाही म्हणाला, आणि चूक झाली असे लिहून द्यायलाही नाही म्हणाला.

मला लिहून हवे होते. व्याज नको, तीन हजारही नको, पण 'चावी वापरलेली होती' एवढी एक ओळ त्याच्या सहीने हवी होती. मी मुदत मागून घेतली आणि मंडळाची सभा बोलावली. सभेत मते पडली. एकेचाळीस जणी म्हणाल्या, पैसे घ्या आणि वर्ग सुरू करा, मुलींचे वर्ष चालले आहे. सात जणी माझ्या बाजूने. मी बहुमत मानले, मानायचेच असते. पण आजही माझे मत बदललेले नाही. आयोगाचा निकाल झाला असता तर तो त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाला सापडला असता. तडजोडीचा कागद फक्त आपल्या फाईलमध्ये राहतो. ज्या एकेचाळीस जणींनी हात वर केले त्यांच्यावर माझा राग नाही. मुलींचे वर्ष चालले होते हेही खरेच होते.

दिवाळीच्या आधी पैसे मंडळाच्या खात्यावर जमा झाले. ते आले नसते तरी मार्ग होता. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा किमान पंचवीस हजार दंड, अशी कायद्यात व्यवस्था आहे. आपल्याला ती पायरी चढावी लागली नाही.

या सगळ्या महिन्यांत वर्ग बंद होता असे समजू नका. चिटणीसबाईंची धाकटी मुलगी सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "मावशी, मराठी टंकलेखन शिकायला विकतचे सॉफ्टवेअर कशाला? इनस्क्रिप्टचा कळफलक तुमच्या संगणकात फुकट आहे." आम्ही थक्क झालो. छापखान्याच्या अडचणीला त्याचा उपयोग नव्हता, पण मुलींना बोटे बसवायला तोच पुरेसा होता. जूनपासून तिने अकरा मुलींना शिकवले. म्हणजे आम्ही तक्रार लिहीत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत मुली फुकटच्या अक्षरांनी शिकत होत्या. तक्रारीचा मराठी मजकूरही त्यांनीच टंकित केला. सात पाने, चुका फक्त तीन.

डिसेंबरात आपण छापखान्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या दुकानातून घेतले, पण एकाच संगणकाचे, कारण तीन कशाला हवेत हे आता कोणालाच सांगता येईना. मंडळाच्या नावाचा धनादेश, दोघींच्या सह्या, कर भरून पक्की पावती, आणि चावी समोर भरून कुलूप उघडल्यावर मगच पैसे. दुकानदाराला जरा राग आला. आम्ही त्याला चहा पाजला.

ती पावती मी वहीत डाव्या पानावर चिकटवली आहे, आणि उजव्या पानावर माझ्या नावाची ती जुनी नोंद तशीच ठेवली आहे, खोडलेली नाही. दोन्ही पाने लागून आहेत. वही आणि प्रकरणाची फाईल आज त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. आता मी यंदाचा जमाखर्च वाचते, आणि अध्यक्षबाईंनी दार लावून घ्यायला सांगितले आहे.